आपल्या घरची नर्सबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे, औषधपाण्याचा विषय काढू नये, असे कोणी म्हणेल. पण हे मंडळ संसारी बायकांचे आहे, आणि संसारात ताप, बाळंतपण, म्हाताऱ्या माणसांचे दुखणे यांना कोणताही वार वर्ज्य नसतो. म्हणून आज एकच गोष्ट विचारते. कासार कोण, शिंपी कोण, आपले दूध कोणत्या संस्थेत जाते, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण आपल्या घराला लागू असलेली नर्सबाई कोण, तिचे नाव काय, ती कोणत्या वारी कुठे भेटते, हे आपल्यापैकी किती जणी सांगतील? दुखणे अंगावर आले की मग आपण विचारत सुटतो. तहान लागल्यावर विहीर खणायची, तशातलाच हा प्रकार.

अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी एक नवा शिक्षणक्रम काढला. जिथे डॉक्टर पुरेसे नाहीत, तिथे अधिक शिकलेल्या परिचारिकेने स्वतः मूल तपासावे, उपचार करावा, हा त्यामागचा हेतू. पुढे ही पद्धत साऱ्या कुटुंबासाठी लागू झाली. आज तिकडे अनेक कुटुंबे आपली परिचारिका निवडतात आणि वर्षानुवर्षे तिच्याकडेच जातात.

आपल्याकडे अशी पाटी लावून बसलेली बाई सापडणार नाही. पण शुश्रूषेची परंपरा आपल्याला परकी नाही. 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत अक्षरओळख नसलेल्याही होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली जगापुढे आले. म्हणजे उंबऱ्यापाशी येणारी शिकवलेली बाई जीव वाचवते, हे आपल्या महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे.

मग बिद्रीत, आपल्या कागल तालुक्यात, अशी बाई शोधायची कशी? तिघींची ओळख करून घ्या.

पहिली आशाताई. 2005 साली ही योजना सुरू झाली. साधारण हजार वस्तीमागे एक, अशी ती गावातलीच सून असते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यावे, असा नियम आहे. ती आली की चहा जरूर द्या, पण आधी बाळाचे वजन करून घ्या.

दुसरी आरोग्य सेविका. जुन्या बायका जिला नर्सबाई म्हणतात, ती हीच. सपाटीच्या मुलखात सुमारे 5,000 वस्तीमागे एक उपकेंद्र असते, तिथली ही. गरोदरपणाची तपासणी, लसीकरण, पाळणा लांबवण्याचा सल्ला हे तिचे काम. महिन्यातून एकदा अंगणवाडीत तिचा दिवस ठरलेला असतो.

तिसरी समुदाय आरोग्य अधिकारी. हे पद 2018 पासूनचे. परदेशातल्या त्या कुटुंबाच्या परिचारिकेच्या सर्वांत जवळची हीच. ती शिकलेली परिचारिका असते किंवा आयुर्वेदाची पदवीधर, आणि सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा पाठ तिने पुरा केलेला असतो. काही ठिकाणी या जागेवर पुरुषही असतो. पूर्वी आरोग्यवर्धिनी म्हणत, आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे ती बसते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची पहिली चाचपणी करणे, डॉक्टरांनी लावून दिलेल्या गोळ्या दर महिन्याला देणे, ही कामे तिची. गरज पडली तर फोनवरून डॉक्टरांशी गाठ घालून देते. याला पैसे पडत नाहीत.

आता पारख कशी करायची तेही सांगते. कोणी घरी येऊन सलाईन लावते, सुई टोचते, म्हणून ती नर्स होत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. खऱ्या परिचारिकेला त्याचा राग येत नाही. आणि चांगल्या नर्सबाईची खूण अशी, की ती आपली मर्यादा ओळखते. “हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, डॉक्टरांकडे चला,” असे जी वेळेवर सांगते, तिच्यावर विश्वास टाकावा. तशी वेळ आली तर 108 वर गाडी बोलवा. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्यासाठी 102 आहे. सी.पी.आर.ला न्यायचे तर रात्री उशाशी बसून वाट पाहू नये.

भगिनींनो, हे सारे आपल्यापुरते झाले. पण आपल्याच शिवारात आणखी काही बायका आहेत. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे कोयता हाती घेणाऱ्या त्या बाईला ना इथली आशाताई माहीत, ना इथल्या यादीत तिचे नाव. अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते, तरी खाडा पडेल म्हणून ती सोसत राहते. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साध्या औषधाने बरे होणारे दुखणे वेळेवर कोणी ऐकून घेतले असते, तर यांतल्या कित्येकींवर ती वेळ आली नसती. पहिले दार योग्य माणसाचे लागले नाही, की बाई कुठे जाऊन पोचते, ते यावरून ध्यानात घ्या.

म्हणून मंडळाने या वर्षी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. आशाताई, नर्सबाई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांची नावे, भेटीचे वार आणि फोन मोठ्या अक्षरांत लिहून मंडळाच्या भिंतीवर लावावे. प्रत्येक गल्लीतून एका सभासदाने गरोदर बाया, एकट्या म्हाताऱ्या आणि नेहमीच्या गोळ्या घेणारी माणसे यांची आठवण ठेवावी. आणि हंगामात दर पंधरा दिवसांनी दोघीतिघींनी नर्सबाईंबरोबर कोप्यांवर जावे. आपली ओळखीची हाक असली, की ती परकी पोर बोलू लागते.

आणि आपलेही काही देणे लागते. ही नर्सबाई उन्हातान्हात दारोदार फिरते. तिला बसायला जागा द्या, पाणी द्या, मोरीची सोय दाखवा. रात्री कोणासाठी बोलावलेत, तर घरी पोचवायला माणूस द्या. “लस टोचली आणि पोराला ताप आला,” म्हणून तिच्या अंगावर धावून जाऊ नका, शांतपणे विचारा. जिथे मान मिळतो, तिथे चांगले माणूस टिकते.

सणासुदीला आपण सवाष्ण शोधून आणतो, तिची ओटी भरतो. येत्या हळदीकुंकवाला या तिघींना आधी बोलवा. ओळख तिथून सुरू होऊ दे, म्हणजे अडचणीच्या रात्री कोणाचे दार वाजवायचे हा प्रश्न पडणार नाही.