लेबलावर न मावलेली नावे

घरातली अर्धी जागा तबकड्यांना देऊन उरलेल्या जागेत संसार करणाऱ्या माझ्या संग्राहक मित्रांनो,



लोकप्रिय संगीताच्या इतिहासातले मोठे क्षण कोणते, असे विचारले की आपण गाण्यांची यादी करू लागतो. मी आज वेगळी यादी मांडणार आहे. आवाजाला त्याच्या धन्याचे नाव केव्हा केव्हा मिळाले, याची. कारण या व्यवसायात नाव आधी येते आणि हक्क मागाहून.

पहिला क्षण नोव्हेंबर १९०२चा, कलकत्त्यातला. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचे फ्रेड गेसबर्ग हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून बसले होते. गौहरजान यांनी जेमतेम तीन मिनिटांत गाणे बसवले आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगितले. आज त्यात आपल्याला रुबाब ऐकू येतो. मूळ कारण मात्र व्यवहाराचे होते. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कोणते लेबल कुठे चिकटवायचे हे कळायला हवे होते. पण त्या सोयीपोटी एका गायिकेने स्वतःच्या तोंडाने स्वतःची नोंद करून ठेवली.

१९३५च्या ‘धूपछाँव’मध्ये पार्श्वगायन आले. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. गाणे सुधारले, पण नाव हरवायला वाट मोकळी झाली. १९४९च्या ‘महल’मधले लता मंगेशकरांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’! म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. ही गाते कोण, अशी पत्रे श्रोत्यांनी रेडिओला धाडली, तेव्हा खरे नाव बाहेर आले. हा विजय लतादीदींइतकाच पत्र लिहिणाऱ्या त्या अनाम श्रोत्यांचा.

पुढे १९५७मध्ये फिल्मफेअर सोहळ्यात ‘चोरी चोरी’तले गाणे गाण्यास लतादीदींनी नकार दिला. संगीतकाराला पुरस्कार आहे, गायकाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. १९५९पासून पार्श्वगायनाला पुरस्कार सुरू झाला आणि पहिला ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळाला. नाव झाले, मग साठच्या दशकात रॉयल्टीचे भांडण उभे राहिले. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित झाला.

पण मित्रांनो, माइकपासून चार पावले मागे बसणाऱ्यांचे काय? मुंबईच्या स्टुडिओंत नोटेशन लिहिणारे, व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी हात गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो भरगच्च वाद्यमेळ आपण त्यांच्याच नावे ओळखतो. त्याच्या संयोजनामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव गाण्यात गुंफले. देशाला नाव पाठ झाले. माणूस मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हता.

आपल्या मराठी अंगणातही फार वेगळे नाही. १९५५मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ५६ गीते, गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजी, हे आपल्याला झोपेतही सांगता येते. वादक विचारा. प्रभाकर जोग आठवतील. त्यांच्यानंतर आपण अडखळतो.

याला कोणी किरकोळ हळहळ म्हणू नये. त्याच २०१२च्या दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या प्रघातानुसार ज्याचे नाव नामावलीत कुठेच दिले जात नाही, त्याला, नैतिक हक्कांतील एक बाब सोडता, ‘कलाकार’ मानायचे नाही. म्हणजे नाव न देण्याची आपली जुनी सवय उद्या एखाद्याचा हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकते!

म्हणून या संमेलनाकडे माझ्या तीन मागण्या. तबकडीचे डिजिटल रूपांतर करताना लेबलाचे छायाचित्र आणि ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा मॅट्रिक्स क्रमांक जपावा; नुसता आवाज जपणे हे अर्धेच काम. दुसरे, हयात असलेल्या ज्येष्ठ वादकांना रेकॉर्ड ऐकवून, कोणता तुकडा कोणी वाजवला याची नोंद तातडीने करावी. तीही दोघा-तिघांकडून पडताळून. तिसरे, जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करताना निवेदकाने गायकाबरोबर संयोजक आणि वादकांची नावे घ्यावीत. दोन विनोद कमी झाले तरी चालतील.

कायदा प्रघाताकडे बोट दाखवतो आणि प्रघात आपल्यासारखेच लोक पाडतात. पुढच्या वेळी तो तपासला जाईल, तेव्हा तो बदललेला असावा, एवढे काम आपल्या हातात आहे. ते आजपासून सुरू करू.