तिने विकलं, की तिचं विकलं?

(महिला दिनानिमित्त झालेल्या मेळाव्यातील भाषण)

'बाई आणि मालमत्ता' या विषयावर बोलायला मला इथे बोलावलं आहे. विषय तसा वकिलाचा, आणि मी वकील नाही. एम.एस.डब्ल्यू. करून गेली बारा वर्षं मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आहे. त्यामुळे कलमांकडे मी जरा उशिरा येणार आहे. सुरुवात करते ती आमच्या रविवारपासून.

महिन्यातला एक रविवार मी आणि माझी अकरा वर्षांची लेक पुण्यात भटकण्यासाठी राखून ठेवतो. सकाळी बस पकडायची, गावात उतरायचं आणि दिवसभर पायी हिंडायचं. मंगळवार पेठेतला जुना बाजार, कसब्यातली तांबट आळी, बोहरी आळी, मंडई, तुळशीबाग. दुपारी कुठेतरी मिसळ नाहीतर भजी खायची आणि दिवेलागणीला घरी यायचं. खर्च बेताचा. खरेदी झाली तर झाली.

हे सुरू केलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय आणायचंय?" मी म्हटलं, "काही नाही, नुसतं बघायला जातोय." त्यांना ते पटेना. शेजारणीलाही पटेना. माझ्या नवऱ्याने असं कधी सांगितलं असतं, तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. बाईने घराबाहेर पडायला काम लागतं. दवाखाना, शाळा, भाजी, नोकरी, देऊळ. हातात पिशवी असली की रस्त्यावरची बाई सगळ्यांना चालते. पिशवी नसली की ती 'इथे काय करते आहे' असा प्रश्न पडतो. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हेच मांडलं, की कामाशिवाय रेंगाळण्याचाही बाईला हक्क आहे. मला ते पटलं होतं, पण पहिले काही महिने मीसुद्धा पिशवी घेऊनच निघत होते, हे कबूल करते.

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. जमिनीवर ताडपत्री अंथरून माल मांडलेला असतो. पाने, पक्कड, नळाच्या तोट्या, किल्ल्या हरवलेली कुलपं, बंद पडलेली घड्याळं, मोबाईलचे चार्जर, बूट, कंदील, जुनी नाणी. आणि पितळेची, तांब्याची भांडी. घंगाळ, कळशी, कासंडी, पानाचे डबे, पुरणयंत्रं, अडकित्ते. लेक तिथे वस्तूंची नावं शिकली. घासाघीस करायलाही शिकली, माझ्यापेक्षा चांगली.

एक गोष्ट मात्र आम्हाला दोघींना शिकावी लागली, ती म्हणजे पाणी बेताने पिणं. गावात बाईने दिवसभर हिंडायचं तर स्वच्छतागृह कुठे आहे, ते उघडं आहे का, आत पाणी आहे का, हे आधी बघावं लागतं. मुंबईत २०११ साली 'राईट टू पी' ही मोहीम उभी राहिली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे मोजावे लागत होते. लेकीने तर वहीत स्वच्छतागृहांचा नकाशाच काढला आहे. अकरा वर्षांच्या मुलीला तो काढावा लागतो, याचं मला कौतुक वाटतं आणि रागही येतो.

एकदा तिने विचारलं, "आई, हे सगळं इथे येतं कुठून?" मी सांगितलं ते असं. कुणाच्या घरून भंगारवाला नेतो. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते आणि ते कपडे पुन्हा विकायला जातात. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका माल वेगळा करून विकतात. या बायकांच्या कष्टावर शहर वर्षानुवर्षं चाललं, पण त्यांना कामगार म्हणायला कुणी तयार नव्हतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तो बदल सुरू झाला. हे ऐकून लेकीने बाजारावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "पण मग इथे भांडी विकायला बसलेले सगळे काकाच कसे?" खरंच होतं. त्या रांगेत बाई दिसत नव्हती. बायका होत्या त्या पलीकडे, जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी.

आता मी विषयावर येते.

एका रविवारी लेकीला पितळेचा एक तांब्या आवडला. काळा पडलेला, एका बाजूने चेपलेला. ओल्या रुमालाने पुसला तर काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दिसली. 'चि. सौ. कां.' मग एक नाव, मग 'आईकडून' आणि १९५८. नाव मी इथे घेत नाही. विक्रेत्याने सहाशे सांगितले, लेकीने साडेचारशेवर आणले. बसमध्ये तो मांडीवर घेऊन ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, हा त्या बाईने विकला, की तिचा विकला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बाराशे वेळा तरी मी केंद्रात बायकांना विचारलं असेल, 'तुमचं काय काय सासरी राहिलं?' पण एका वस्तूकडे बघून असा प्रश्न मला पडला नव्हता. मेल्यावर मुलांनी विकला, तर तो वेगळा भाग. गरज पडली आणि तिने स्वतः विकला, तर तो तिचा हक्क. पण तिला न विचारता विकला असेल तर?

घरी आल्यावर सासूबाईंनी तांब्या हातात घेतला. चिंचेने घासून दिला. घासता घासताच बोलायला लागल्या. त्यांच्या लग्नात माहेरून पाच भांडी आली होती. पाचांवर त्यांचं नाव घातलेलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, तीन महिन्यांनी परत आल्या, तर फडताळात स्टीलचा नवा संच. पितळ मोडीत घातलं होतं. "घासायचा त्रास वाचला तुझा," असं सांगितलं गेलं. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. "काय म्हणणार? स्टील बरंच होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "विचारायला हवं होतं गं एकदा."

मैत्रिणींनो, माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आता कायदा. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. त्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची ठरली. म्हणजे तांब्यावर १९५८ कोरलं गेलं, तेव्हा हा कायदा आलेला होता. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन हे बाईचंच. ते सासरी ठेवलं म्हणून नवऱ्याचं होत नाही, तो फक्त सांभाळणारा. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली नियम झाले, की लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्याचं नातं काय, खाली वधूवरांच्या सह्या. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली स्त्रीधन परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात.

कायदा आहे. पण केंद्रात येणाऱ्या बायकांकडे यादी जवळजवळ कधीच नसते. लग्नात यादी मागितली तर अपशकुन होतो म्हणे. मुहूर्ताची, मानपानाची, पंगतीची यादी होते. तिच्या वस्तूंची तेवढी होत नाही. मग पुढे भांडण झालं की 'हे तुझं कशावरून?' म्हणून विचारतात. सोनं मोठं असतं, त्याबद्दल बायका बोलतात तरी. भांड्यांबद्दल बोलायची लाज वाटते. 'भांड्यांसाठी काय भांडायचं' असं त्याच म्हणतात. भांड्यासाठी भांडायचं नाही, हे कबूल. पण विचारल्याशिवाय नेलं, यासाठी भांडायला हवं.

आणखी एक प्रसंग सांगते. मागच्या दिवाळीआधी एका गर्दीच्या बाजारात एका माणसाने लेकीला मुद्दाम धक्का दिला. कुठे ते तुम्हाला सांगायला नको. ती थिजली. मी ओरडले. पण माझ्याआधी ओरडली ती कपड्यांच्या ढिगावर बसलेली एक मावशी. तिने त्या माणसाला हाक मारून उभं केलं, आजूबाजूच्या बायका उठल्या. तो पळाला. मावशीने लेकीला शेजारी बसवलं, चहा पाजला आणि म्हणाली, "घाबरू नको बाय. आम्ही रोज बसतो इथं."

घरी कळल्यावर अपेक्षेप्रमाणे सगळ्यांचं मत पडलं, आता भटकणं बंद. एक रात्र माझंही तेच मत होतं. दुसऱ्या दिवशी लेकीने विचारलं, "त्याने धक्का मारला, तर घरात मी का बसायचं?" पुन्हा तोच प्रश्न, बघा. रविवार तिचा. तो तिला न विचारता आम्ही मोडीत घालणार होतो.

आम्ही गेलो. पण एक फरक पडला. निघताना सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मीपण येते. काही आणायचं नाहीये," म्हणाल्या. दिवसभर त्या आमच्याबरोबर चालल्या. जुन्या बाजारात पितळेच्या प्रत्येक ढिगापाशी वाकून भांडं उलटं करून बघत होत्या. त्यांच्या नावाचं काही सापडलं नाही. सापडेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं. परतताना एका भांड्यांच्या दुकानात लेकीने आजीसाठी पेला घेतला आणि त्यावर नाव घालून घेतलं. आता मशीनने घालतात, दोन मिनिटांत होतं. दुकानदाराने विचारलं, "कुणाकडून लिहू?" आजी म्हणाली, "नुसतं माझं लिहा."

तेव्हा मैत्रिणींनो, दोनच विनंत्या. आज घरी गेल्यावर एक वही काढा आणि तुमचं म्हणून जे जे घरात आहे, त्याची यादी करा. लग्नाला तीस वर्षं झाली असली तरी करा. आणि येत्या रविवारी लेकीला, सुनेला, सासूला, जी घरात असेल तिला घेऊन बाहेर पडा. कुठे निघालात विचारलं, तर काम सांगू नका.