अणूचे घड्याळ

अणू म्हटला की आपल्याला अणुबाँब आठवतो. पण आज आम्ही ज्या घड्याळाविषयी सांगणार आहोत, त्यात अणू फुटत नाही. तो नुसता ताल धरतो.

घड्याळ म्हणजे तरी काय हो? एकसारखे ठोके द्यायचे आणि ते मोजायचे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात लंबक हालतो. उन्हाळ्यात त्याची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडते. मनगटावरच्या घड्याळात गारगोटीच्या जातीचा बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पण थंडी-उन्हाने त्याचाही ताल थोडा बिघडतो.

अणू म्हणजे पदार्थाचा अतिशय बारीक कण. सीझियम नावाच्या धातूचे अणू सगळीकडे अगदी सारखे. दिल्लीत तसेच लंडनला. त्यांच्यावर रेडिओसारख्या लहरी सोडतात. झोपाळ्याला वेळेवर हात दिला तरच तो चढतो ना? तसेच हे. लहरींचा ताल जुळला तरच अणूंची स्थिती बदलते. बदललेले अणू कमी भरले, की यंत्र समजते, ताल चुकला. ते लगेच तो सुधारते. अशा ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० लहरी झाल्या, की एक सेकंद. १९५५ साली इंग्लंडात एसेन व पॅरी यांनी असे घड्याळ चालवून दाखवले. १९६७ साली जगाने हेच माप मानले.

तुम्ही म्हणाल, एवढी बारीक वेळ कशाला? ऐका. मोबाईलमध्ये आपली जागा दिसते, ती उपग्रहांवरच्या अशा घड्याळांमुळे. उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. संदेश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली, तर अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणजे दीड फर्लांग! अंधारात खडक टाळणाऱ्या नाखव्याला ही चूक परवडेल का?

आपल्या देशाने या कामाचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. त्यावर परदेशी बनावटीची तीन घड्याळे होती. पुढे तिन्ही बंद पडली. उपग्रह आकाशात शाबूत, पण जागा दाखवायला निकामी! मग आपल्या शास्त्रज्ञांनी अहमदाबादेत स्वतःचे घड्याळ बनवले. ते रुबिडियम धातूच्या अणूंवर चालते. २९ मे २०२३ रोजी ते उपग्रहावर बसून आकाशात गेले.

मंडळी, वेळ अचूक तर वाट अचूक. आणि वेळ मोजणारे घड्याळ घरचे असले, तर वाटेसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.