गाजर जागेवरच पेरावे लागते



तुमच्या दानातून आपण मेळघाटातील कोरकू कुटुंबांना परसबागेसाठी गाजराचे बी देतो. “तयार भाजीच का वाटत नाही?” असे काहींनी मला विचारले.

वाटलेली भाजी दोन दिवसांत संपते. मुलाची गरज मात्र रोजची असते. नारिंगी गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो आणि साध्या आजारालाही मूल तोंड देऊ शकत नाही. म्हणून आम्ही आयांना सांगतो, गाजर थोड्या तेलात परतून द्या, म्हणजे ते अंगी लागते. आणि पहिली गाजरे बाजारात नेऊ नका, आधी मुलांच्या ताटात वाढा.

वांग्याचे रोप उपटून दुसरीकडे लावता येते. गाजराचे मूळ दुखावले की ते वेडेवाकडे होते. ते जिथे वाढायचे तिथेच पेरावे लागते. पावसाळा सरल्यावर वाफा वीतभर खोल भुसभुशीत करावा, दगड वेचावेत, चांगले कुजलेले शेणखत घालावे. 10 ते 15 दिवस ओल टिकवली की बी उगवते. मग विरळणी करावी. तांदूळ, भाजी धुतलेले पाणीही वाफ्याला चालते. सुमारे 3 महिन्यांत गाजरे काढणीला येतात.

मदतीचेही असेच आहे. ती त्या घराच्या अंगणातच रुजली पाहिजे. पुढच्या हंगामाचे बी सप्टेंबरअखेर गावात पोहोचायला हवे. त्यासाठी प्रार्थना करा आणि हातभार लावा.