शासनाला उसनवार देणारा विद्यार्थी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘विद्यार्थ्यांचे प्रश्न’ असे म्हटले की आपल्यापुढे फीवाढ, परीक्षांचे घोळ, निकालांची दिरंगाई आणि त्यांविरुद्धचे मोर्चे एवढेच उभे राहते. हे प्रश्न खरे आहेत. त्यांवर आपण लढलो आहोत आणि पुढेही लढावे लागणार आहे. परंतु गरीब घरातून महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींचे शिक्षण मोर्चाच्या दिवशी घडत वा बिघडत नाही. ते रोजच्या चोवीस तासांत घडते किंवा बिघडते. त्या चोवीस तासांवर पैशाची विवंचना आणि समाजाची नजर या दोन गोष्टींची सत्ता कशी चालते, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. आयुष्य जिल्ह्याच्या गावी शिकविण्यात गेले. तेव्हा आरंभ भावनेने न करता हिशेबाने करतो.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली. स्वातंत्र्याच्याही आधीची ही योजना. तिच्या आधाराने पहिली पदवी घरात आली, अशी लक्षावधी घरे या देशात आहेत. म्हणून तिचे मोल मी कमी लेखत नाही. या योजनेचे दर २०२१ साली सुधारण्यात आले. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या साध्या पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असल्यास वर्षाला ६,००० रुपये आणि वसतिगृहात राहत नसल्यास ३,००० रुपये निर्वाहभत्ता ठरविण्यात आला. फीची रक्कम वेगळी मिळते, हे खरे. पण भत्त्याचा भागाकार करून पाहा. एकाला दिवसाचे सोळा रुपये पडतात, दुसऱ्याला आठ. सोळा रुपयांत पुण्यात एक चहा येतो. आठात तोही येत नाही.

कोणी म्हणेल, शासनाला महागाईची कल्पना नसेल. तसे नाही. शासनाला पूर्ण कल्पना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने स्वाधार योजना सुरू केली. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांचा हिशेब धरण्यात आला: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि किरकोळ निर्वाहाला ८,०००. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या पोटाला दिवसाकाठी सुमारे अठ्ठ्याऐंशी रुपये लागतात, हे शासनाच्याच कागदावर लिहिलेले आहे. तेव्हा गरज ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. गरज ठाऊक असूनही ती थोड्यांचीच, अटी घालून भागवावयाची आणि बाकीच्यांना सोळा रुपयांवर सोडावयाचे, असे हे धोरण आहे.

आता या हिशेबाच्या आत राहणारा माणूस पाहू. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचा, बीड जिल्ह्यातून पुण्याला आलेला, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात वा शेजारात असा एकजण आहे. तो एका खोलीत पाच-सहाजणांबरोबर राहतो. भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे देतो. खानावळीचा एक डबा दोघांत घेतो. सकाळी जेवले तर संध्याकाळपर्यंत निभत नाही, म्हणून पहिले जेवण दुपारी दोनला करतो, आणि सकाळची दोन व्याख्याने रिकाम्या पोटी ऐकतो. लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढप्याचे काम मिळते. ते रात्री एकला संपते. दुसऱ्या दिवशी तो वर्गात डुलक्या घेतो आणि प्राध्यापक त्याला बेफिकीर समजतात. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम त्यालाही आहे आणि मोटारीतून येणाऱ्यालाही आहे. नियम सर्वांना सारखा आहे म्हणून तो न्याय्य आहे, असे मानणाऱ्यांना समता कळलेली नाही.

अर्थशास्त्रात आम्ही दुर्मिळ साधनांच्या वाटपाचा विचार करतो. गरीब विद्यार्थ्याकडे पैसा दुर्मिळ असतो, हे कोणालाही दिसते. त्याहून दुर्मिळ असते त्याचे लक्ष, हे दिसत नाही. पुस्तकाच्या पानावर डोळे असताना मन उद्याच्या भाड्यात असते. मित्राने ‘चल, चहा घेऊ’ म्हटले की पैसे कोण देणार, हा विचार आधी येतो. गावाहून फोन आला की तो उचलण्यापूर्वी छातीत धस्स होते. कारण फोन बहुधा औषधपाण्याचा, नाहीतर बहिणीच्या लग्नाच्या बोलण्याचा असतो. वर्गात शेजारी बसलेल्या सुखवस्तू मुलाला एक तास म्हणजे एक तास मिळतो. याच्या तासातून विवंचना आपला हिस्सा आधीच काढून घेते. परीक्षेत मात्र दोघांना तीनच तास असतात, आणि निकालाला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो.

याच ठिकाणी आजच्या माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शिष्यवृत्तीची रक्कम अपुरी आहे, हा अर्धा अन्याय झाला. उरलेला अर्धा तिच्या उशिरात आहे. प्रवेश जूनजुलैमध्ये होतात. खर्च त्याच दिवसापासून सुरू होतो. रक्कम हाती पडता पडता वर्ष सरत येते. कधी पदवी पदरात पडल्यावर दुसऱ्या वर्षाचा हप्ता जमा होतो. दाखल्यावरील नावात एक अक्षर चुकले, बँकेचे खाते आधारला जोडलेले नसले, संकेतस्थळ बंद पडले, अनुदानाची तरतूद आली नाही. कारणे निराळी, परिणाम एकच. मधल्या काळात तो मुलगा जगतो कशावर? तो खानावळवाल्याची उधारी करतो. घरी सांगतो; मग बाप मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतो, नाहीतर गावातल्या सावकाराकडे शेकडा तीन-पाच रुपये महिना व्याजाने हात पसरतो. महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के.

या व्यवहाराला नाव काय द्यावयाचे? जी रक्कम शासनाने देण्याचे मान्य केले आहे, जी विद्यार्थ्याच्या हक्काची आहे, ती शासन वर्षभर आपल्याजवळ ठेवते आणि त्यावर छदाम व्याज देत नाही. याचा अर्थ विद्यार्थी शासनाला बिनव्याजी कर्ज देतो, आणि ते देता यावे म्हणून त्याचा बाप साठ टक्क्यांनी कर्ज काढतो. राज्यातील सर्वांत गरीब माणूस राज्यकर्त्यांचा सावकार झाला आहे. फक्त या सावकाराला वसुलीचा अधिकार नाही.

हे अपरिहार्य आहे, असे कोणी सांगू लागला तर त्याला उसाचे उदाहरण द्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तरतूद आहे की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने शेतकऱ्याला किमान दराचे पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज दिले पाहिजे. २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्यातही छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे आणि उशीर झाल्यास व्याज भरण्याचे बंधन आहे. या तरतुदी नीट पाळल्या जातात असे मी म्हणत नाही. ऊसदराच्या आंदोलनांत आपण रस्त्यावर बसलो आहोत, तेव्हा ते आपल्याला कोणी सांगावयास नको. पण हक्क कागदावर असला की आंदोलनाला पाय टेकावयाला जागा मिळते. उसाला ती जागा आहे, लघुउद्योजकाला आहे. ऊस तोडणाऱ्याच्या मुलाच्या शिष्यवृत्तीला मात्र नाही. उसाच्या थकबाकीला व्याज आणि शिक्षणाच्या थकबाकीला आश्वासन, हा भेद आपण का सहन करावा?

आता समाजाच्या नजरेविषयी. पैसा नसणे एकवेळ सोसता येते. तो नाही हे दिसू नये म्हणून करावी लागणारी धडपड अधिक थकविते. वर्गणीच्या वेळी गैरहजर राहणे, सहलीच्या आदल्या दिवशी आजारी पडणे, फुटलेल्या काचेचा मोबाइल खिशाबाहेर न काढणे, आडनाव सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहणे. राखीव जागेवरून आलेल्याला ‘तुला किती गुणांवर मिळाले?’ असे हसत विचारले जाते, आणि तो त्या दिवसापासून वर्गात प्रश्न विचारणे बंद करतो. इंग्रजी नीट येत नाही म्हणून मराठीतही गप्प बसणारी हुशार मुले मी वर्षानुवर्षे पाहिली. दुसरीकडे गावाची नजर असते. पोरगा पुण्यात ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ करतो, असे एकदा गावभर झाले की त्याला हात हलवीत परतता येत नाही. जागा थोड्या, उमेदवार लाखोंनी, हे त्याला समजते. पण अपयशापेक्षा गावच्या पारावरील प्रश्नांची धास्ती मोठी असते. म्हणून तो आणखी एक वर्ष राहतो, आणि त्या वर्षाचे व्याजही बापच भरतो.

मुलींच्या बाबतीत हे दोन्ही दाब एकवटतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. म्हणजे पाचांतील एकीहून अधिक जणींच्या बाबतीत महाविद्यालयाचा विचार होण्यापूर्वीच निर्णय झालेला असतो. ज्या येतात, त्यांचे शिक्षण एस. टी.च्या वेळापत्रकावर टांगलेले असते. शेवटची गाडी चुकली तर मुलगी केवळ उशिरा पोचत नाही. तिचे नाव निघते, आणि दुसऱ्या दिवशी ‘पुरे झाले कॉलेज’ असे फर्मान सुटते. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीचा बळी गेला. घरात तिच्या एस. टी.च्या पासापुरतेही पैसे नव्हते. मोफत पासाची योजना त्यानंतर आली. आधी बळी आणि मग योजना, हा क्रम आपण बदलला पाहिजे. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला. कामगारांच्या हलाखीत खोटे काही नव्हते. पण सरकारने तो महिनोन्‌महिने चिघळू दिला, तेव्हा खेड्यातील किती मुलींच्या दृष्टीने महाविद्यालयाचा दरवाजाच बंद झाला, याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. त्याचे स्वागत केले पाहिजे. पण फी माफ झाल्याने बस येत नाही, खानावळीचे बिल भागत नाही.

‘आम्हीही हालअपेष्टा सोसूनच शिकलो, गरिबीच माणसाला घडविते’ असे उत्तर आपल्यातलेच ज्येष्ठ देतात. त्यांना माझे नम्र सांगणे आहे की जे तरले तेच आज बोलावयास उरले आहेत. बुडालेल्यांचे सत्कार होत नाहीत, त्यांची भाषणे छापली जात नाहीत. शिवाय त्या पिढीच्या पाठीशी कोणी उभे होते, हे विसरून चालणार नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९४७ मध्ये साताऱ्यास महाविद्यालय काढून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व तेथे रुजविले. त्या तत्त्वाचा आज सोयीस्कर विपर्यास होतो. कर्मवीरांच्या योजनेत श्रम शिक्षणाच्या आवारात होते, त्याला वेळेची मर्यादा होती आणि प्रतिष्ठा होती. रात्रभर एटीएमच्या दारात पहारा करणारा किंवा दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचविणारा विद्यार्थी कमावतो खरा, पण शिकत नाही. ते श्रम शिक्षणाला पोसत नाहीत, ते शिक्षणच खातात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. सुखवस्तूंसाठी ती मुभा असेल. ज्याला उधारीपायी शिक्षण सोडावे लागते, त्याच्यासाठी तो नाइलाज आहे. काल त्याला आपण ‘गळती’ म्हणत होतो आणि त्याची लाज वाटत होती. आता त्याच्या हाती एक कागद देऊन ती लाजही संपविली जाईल. या शब्दांच्या खेळापासून आपण सावध असले पाहिजे.

मग आपण काय करावयाचे? शासनाकडे मागणी एका वाक्याची असावी: शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशानंतर १४ दिवसांत, आणि उशीर झाल्यास उसाप्रमाणेच १५ टक्के व्याज. भत्त्याची रक्कम शासनाने स्वतःच मान्य केलेल्या भोजनखर्चाशी जोडावी, हे तिचे दुसरे अंग. या मागणीत क्रांतिकारक काही नाही. देणेकऱ्याने देणे वेळेवर द्यावे, एवढेच ती म्हणते. म्हणूनच तिला नकार देणे कोणत्याही पक्षाला अवघड जाईल.

पण मागणीपूर्वीचे काम आपले आहे. मे महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आपल्या कार्यकर्त्यांनी उत्पन्नाच्या, जातीच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी मदतकेंद्र चालवावे. अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे याची वही ठेवावी आणि ती दर महिन्याला समाजकल्याण कार्यालयापुढे उघडावी. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली; ग्रामीण मुलांना राहावयास जागा आणि जेवण मिळावे, एवढ्या साध्या हेतूने. जिल्ह्याच्या गावी दहा मुलांची एक खोली आणि एक स्वयंपाकीण एवढे चालविणे आपल्या संघटनेच्या आवाक्याबाहेरचे नाही. ही समाजसेवा झाली, राजकारण नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्याच्या पोटाची आणि खाटेची चौकशी आपण केली नाही, त्याने आपल्या झेंड्याची चौकशी का करावी?

येत्या जूनमध्ये पुन्हा हजारो मुले पत्र्याची पेटी घेऊन शहरांत उतरतील. त्यांच्यापैकी प्रत्येकाचे शासनाकडे काही येणे आहे. त्या येण्याची वही आपण उघडावी, एवढीच माझी विनंती आहे.