स्मृतीचे शिक्षण आणि संग्रहालय
(जयपूर येथील व्याख्यान)

जयपूरच्या रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल ही राजस्थानातील सर्वांत जुनी संग्रहालयाची वास्तू होय. प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते १८७६ साली तिची पायाभरणी झाली आणि १८८७ मध्ये तेथील संग्रहालय लोकांसाठी खुले करण्यात आले. स्विंटन जेकब यांनी वास्तूची योजना केली, तर रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक हेंडली यांच्या पुढाकाराने तेथील संग्रह आकारास आला. येथील कारागिरांना उत्तम नमुने पाहावयास मिळावेत आणि त्यांच्या कलेस प्रोत्साहन मिळावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. म्हणजे हे संग्रहालय प्रारंभापासूनच एक प्रकारची शाळा होते. धातुकाम, गालिचे, मृत्पात्रे आणि निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या प्रतिकृती पाहत जयपूरची मुले पिढ्यान्पिढ्या येथे हिंडली आहेत.

या मुलांचे सर्वांत मोठे आकर्षण मात्र कारागिरीत नाही. ते आहे इजिप्तहून आणलेल्या एका स्त्रीच्या ममीत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मृत्यू पावलेली ही स्त्री पुरोहितांच्या घराण्यातील होती आणि तिचे नाव तुतू असे होते. १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपुरात अतिवृष्टी होऊन संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून ही ममी सुरक्षित जागी हलविली. दूरदेशीच्या एका मृत स्त्रीसाठी दाखविलेली ही तत्परता कौतुकास्पद होती यात शंका नाही.

परंतु या घटनेतून एक प्रश्न उभा राहतो. परक्या देशातील, परक्या काळातील एका स्त्रीचे नाव आणि कूळ जयपूरच्या शाळकरी मुलास सांगता येते. याच राज्याच्या दक्षिण टोकाला, बांसवाडा जिल्ह्यातील मानगढ टेकडीवर १९१३ साली जी माणसे गोळीबारात मारली गेली, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव त्यास सांगता येईल काय? बहुतेकांना ते सांगता येणार नाही. याचा दोष मुलांचा नव्हे. त्या मृतांची संपूर्ण यादीच कोणी केली नाही.

मानगढची हकीकत थोडक्यात अशी आहे. गोविंद गुरू यांचा जन्म १८५८ मध्ये डुंगरपूर संस्थानातील बांसिया गावी एका बंजारा कुटुंबात झाला. वागड आणि आसपासच्या प्रदेशातील भिल्लांमध्ये त्यांनी सुधारणेची मोठी चळवळ उभी केली. दारू सोडा, चोरी करू नका, स्वच्छ राहा, घरी धुनी पेटवून उपासना करा, आपसांतील तंटे आपणच मिटवा आणि वेठबिगारीस नकार द्या, अशी त्यांची साधी शिकवण होती. त्यांच्या संघटनेस संप सभा असे नाव होते. येथे संप या शब्दाचा अर्थ एकोपा असा घ्यावयाचा. दारू सुटल्याने संस्थानांचे अबकारी उत्पन्न घटू लागले. वेठीस नकार मिळाल्याने दरबारी कामे अडू लागली. धर्मसुधारणा म्हणून जे सुरू झाले होते, ते राज्यकर्त्यांना बंड वाटू लागले.

१९१३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हजारो भिल्ल मानगढावर जमले. ही टेकडी बांसवाडा आणि संतरामपूर या दोन संस्थानांच्या सीमेवर होती. आज ती राजस्थान आणि गुजरात यांच्या सीमेवर आहे. संस्थानांच्या विनंतीवरून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लष्कर पाठविले. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी टेकडीस वेढा घालून गोळीबार करण्यात आला. शेकडो लोकांना कैद झाली. गोविंद गुरूंनाही अटक होऊन शिक्षा झाली. १९१९ मध्ये त्यांची सुटका झाली, पण आपल्या पूर्वीच्या कार्यक्षेत्रात परतण्यास त्यांना मज्जाव होता. १९३१ साली गुजरातमधील कंबोई येथे त्यांचे निधन झाले.

मृतांच्या संख्येविषयी दोन परंपरा आहेत. लोकस्मृती आणि तिच्या आधारे झालेले लेखन पंधराशेचा आकडा सांगते. तत्कालीन सरकारी कागदपत्रांतील आकडे त्याहून फारच कमी आहेत. याच्याशी जालियनवाला बागेची तुलना करून पाहण्यासारखी आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला झालेल्या गोळीबारात १,६५० फैरी झाडल्या गेल्या. हंटर समितीने मृतांची संख्या ३७९ ठरविली, तर काँग्रेसच्या चौकशीत ती हजारांच्या घरात असल्याचे सांगण्यात आले. तेथेही आकड्यांचा वाद आहे. पण चौकशी झाली, साक्षी झाल्या, वृत्तपत्रांतून चर्चा झाली. मानगढच्या वाट्याला अशी जाहीर चौकशी आली नाही. अमृतसर हे मोठे शहर होते, तेथे वकील होते, छापखाने होते. मानगढावर होते ते डोंगरातील लोक, आणि त्यांची भाषा सरकारच्या दफ्तरात लिहिली जात नव्हती.

येथे शब्दांचा विवेक पाळणे आवश्यक आहे. वंशसंहार या अर्थाची संज्ञा राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली प्रथम वापरली. संयुक्त राष्ट्रसंघाने ९ डिसेंबर १९४८ रोजी याविषयीचा करार संमत केला आणि भारताने १९५९ मध्ये त्यास मान्यता दिली. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक समूहाचा, समूह म्हणूनच, संपूर्णतः अथवा अंशतः नाश करण्याचा हेतू हे त्या गुन्ह्याचे मर्म होय. मानगढचा गोळीबार या व्याख्येत बसतो असे म्हणणे घाईचे होईल. ते एक सामूहिक हत्याकांड होते असे म्हणणे पुरेसे आणि अचूक आहे. दुःखाची थोरवी वाढविण्यासाठी मोठा शब्द उसना घ्यावा लागत नाही. उलट अचूक शब्द वापरला म्हणजे नाकारणाऱ्यास बोट ठेवावयास जागा उरत नाही. स्मृतीच्या शिक्षणाचा हा पहिला धडा मानावा लागेल.

मात्र संहाराची स्मृती जपण्याच्या ज्या पद्धती जगात सिद्ध झाल्या आहेत, त्या मानगढसाठीही उपयोगी आहेत. त्यांतील पहिली पद्धत नावांची. जेरूसलेम येथील याद वाशेम ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या सुमारे साठ लाख ज्यूंपैकी प्रत्येकाचे नाव मिळविण्याचा संकल्प तिने केला. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, एका गावच्या माणसांनी साक्षीपत्रके भरून दिली. आजवर सुमारे पन्नास लाख नावे जमा झाली आहेत. मारणाऱ्याने माणसाचा आकडा केला होता. स्मरण करणारा त्या आकड्याचा पुन्हा माणूस करतो.

दुसरी पद्धत एका आयुष्याशी ओळख करून देण्याची. वॉशिंग्टन येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयात प्रेक्षकाच्या हाती एका खऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र दिले जाते. रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्या देशाच्या राजधानीत, किगाली येथे, २००४ मध्ये उघडलेल्या स्मारकस्थळी अडीच लाखांहून अधिक मृतांचे दफन झालेले आहे. तेथील एका दालनात मारल्या गेलेल्या बालकांची छायाचित्रे असून त्यांच्याखाली त्या मुलांच्या आवडीचा खाऊ, खेळ, जिवलग मित्र अशा साध्यासुध्या गोष्टी नोंदविल्या आहेत. आठ लाख ही संख्या कोणासही कळत नाही. आवडता खाऊ कोणता, हे दहा वर्षांच्या मुलासही कळते.

तिसरी पद्धत पुरावा वाचावयास शिकविण्याची. कंबोडियाच्या राजधानीत तुओल स्लेंग या ठिकाणी एक शाळा होती. १९७५ ते १९७९ या काळातील राजवटीने तिचे बंदीगृह केले आणि तेथे आणलेल्या प्रत्येक कैद्याचे छायाचित्र काढून ठेवले. मारणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली ती नोंदच पुढे त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरली. मानगढविषयीचे लेखी साधनही मुख्यतः ज्यांनी गोळीबार केला त्यांच्याच दफ्तरात आहे. असा कागद कसा वाचावा, त्यात काय लिहिले आहे, काय गाळले आहे आणि कोणासाठी लिहिले आहे, हे विद्यार्थ्यास शिकविता येते. सरकारी आकडा आणि लोकस्मृतीतील आकडा शेजारी शेजारी मांडून, त्यांत एवढे अंतर का पडले, असे त्यास विचारता येते. असे विचारण्याने स्मृती दुबळी होत नाही; तिला आधार मिळतो.

आपल्याकडे स्मारके उभारण्याचा उत्साह कमी नाही. मानगढावर राजस्थानच्या बाजूस हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि गुजरातच्या बाजूस गोविंद गुरूंच्या नावाचे स्मृतिवन आहे. दरवर्षी येथे मेळा भरतो; भिल्ल कुटुंबे नारळ आणि तूप घेऊन धुनीच्या दर्शनास येतात आणि गोविंद गुरूंच्या नावे चालत आलेली गीते गातात. १ नोव्हेंबर २०२२ रोजी पंतप्रधान आणि राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री येथे एकत्र आले होते. परंतु सभा संपते, मंडप उतरविला जातो आणि स्तंभ एकटा उरतो. स्तंभ आदर शिकवू शकतो, समज देऊ शकत नाही. समज देण्यासाठी शिक्षक, साधने आणि वर्षभर चालणारा कार्यक्रम लागतो.

तसेच, स्मारकाची सजावट वाढली की स्मृती वाढते असेही नाही. २०२१ मध्ये जालियनवाला बागेचे नूतनीकरण झाले, तेव्हा ज्या अरुंद बोळातून सैनिक आत आले त्याच्या भिंतींवर शिल्पे बसविण्यात आली. त्यावर देशात आणि परदेशात पुष्कळ टीका झाली. त्या बोळाची उघडी, अरुंद भिंत हाच एक दस्तऐवज होता, हे त्या टीकेचे सार होते.

मग जयपूरसारख्या राजधानीतील संग्रहालयांना काय करता येईल? त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. वर्गातील दोन तास, संग्रहालयातील एक सकाळ आणि त्यानंतरचे एक लेखनकार्य, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. वर्गात वेठ म्हणजे काय, संस्थान म्हणजे काय हे समजावून द्यावे. संग्रहालयात एकच नकाशा, एकच कागद आणि वागडी बोलीतील एकच ध्वनिमुद्रित आठवण यांवर मुलांना थांबू द्यावे. लहान मुलांना प्रेतांची चित्रे दाखवू नयेत. भीतीने मन मिटते, उघडत नाही. मोठ्या मुलांना डुंगरपूर-बांसवाड्याच्या शाळांतील मुलांशी पत्रव्यवहार करू द्यावा. तेथील मुलांनी आपल्या गावातील वृद्धांना विचारून मानगढास गेलेल्यांची नावे टिपून घ्यावीत. शंभर वर्षे लोटली असली, तरी कुळांची आठवण अद्याप पूर्ण पुसलेली नाही. गावोगावी अशी यादी झाली तर तीच मानगढची खरी साक्षीपत्रके ठरतील. हे काम भिल्ल समाजातील तरुणांच्या हाती असणे योग्य होय. ज्यांचे मृत आहेत, त्यांना प्रदर्शनातील वस्तू न करता प्रदर्शनाचे कर्ते करावयास हवे.

या शिक्षणात एक अवघड भाग येतो, तोही टाळता कामा नये. मानगढावर चालून गेलेल्या फौजेत मेवाड भिल्ल पलटणीचे सैनिक होते. ही पलटण भिल्लांमधूनच भरती केली जात असे. मुलांना ‘वाईट इंग्रज आणि चांगले आपण’ एवढीच गोष्ट सांगितली, तर या सैनिकाचे काय करावयाचे? संस्थानिकांचे काय करावयाचे? नोकरी, आज्ञा, पगार आणि भीती यांच्या साखळीत सामान्य माणूस कसा ओवला जातो, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य जे संग्रहालय दाखवील, तेच खरे शिक्षण देईल. युरोपातील अनुभवही हेच सांगतो. संहार घडविणाऱ्यांत राक्षस थोडे आणि कारकून फार होते.

जुन्या जखमांवरची खपली कशाला काढावयाची, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु खपली धरली आहे की नाही, हे ज्याची जखम त्यासच ठाऊक असते. मेळ्यास येणारी भिल्ल स्त्री काही विसरलेली नाही; विसरला आहे तो उरलेला समाज. तेव्हा प्रश्न जखम उघडण्याचा नसून, एका समाजाने एकट्याने वाहिलेले ओझे सर्वांनी मिळून उचलण्याचा आहे. त्यातून सूडाची भावना जागी होईल ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. ज्या कार्यक्रमातून बाहेर पडलेला विद्यार्थी दुसऱ्या एखाद्या समाजाकडे संशयाने पाहू लागतो, तो कार्यक्रम फसला असे समजावे.

मराठी वाचकांनी ही गोष्ट परप्रांतातील म्हणून बाजूस ठेवू नये. नंदुरबार जिल्ह्यातील तळोदे तालुक्यात रावलापाणी येथे २ मार्च १९४३ रोजी आप धर्माच्या अनुयायांवर ब्रिटिश फौजेने गोळीबार केला. संत गुलाम महाराजांनी सातपुड्याच्या पायथ्याशी दिलेली शिकवणही दारू सोडण्याची आणि माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची होती. मानगढ आणि रावलापाणी यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. घटनेचा साचा मात्र एकच आहे. मुंबई-पुण्याच्या मुलास जालियनवाला बाग पाठ असते आणि रावलापाणी कोठे आहे हे नकाशावर दाखविता येत नाही, ही अवस्था जयपूरच्या मुलापेक्षा निराळी म्हणता येणार नाही.

संग्रहालय मृतांना परत आणू शकत नाही. न्याय देण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही. परंतु कोणाचे नाव राखावयाचे आणि कोणाचे गळू द्यावयाचे, हा निर्णय ते रोज घेत असते; एखादे कपाट रिकामे ठेवणे हादेखील निर्णयच असतो. आजचा दहा वर्षांचा विद्यार्थी उद्या अधिकारी होईल, शिपाई होईल, बातमीदार होईल. कोणीतरी आज्ञा देईल आणि समोर निःशस्त्र जमाव असेल, अशी वेळ त्याच्यावर येऊ शकते. त्या वेळी त्याला मानगढ आठवावे एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप करावयाचा आहे.