आधी शिका, मग मत द्या म्हणणाऱ्यांना

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

मी गोदीत माल उचलतो आणि कविता लिहितो. शिक्षण दहावी. इतिहासाचा प्राध्यापक म्हणून मी इथं उभा नाही. पण एक वाक्य कामावर, लोकलमध्ये इतक्यांदा कानावर आलंय, की त्याचा हिशेब आज चुकता करायचाय. वाक्य असं : ‘अडाण्यांच्या हातात मत दिलं म्हणून देशाचं वाटोळं झालं. आधी शिकवा, मग लोकशाही द्या.’

हे बोलणारा शिकलेला असतो, इस्त्रीतला असतो. त्याला आपण एकच विचारायचं. अडाणी ठेवलं कुणी?

जून १८५६. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला घेतलं नाही. पोरगं गप्प बसलं नाही, त्यानं थेट मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकारचं म्हणणं काय? तत्त्व म्हणून न्याय याच्या बाजूला आहे, पण या एकट्यासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची का? म्हणजे न्याय कबूल, प्रवेश नाही! पुढच्याच वर्षी, १८५७ ला, मुंबई विद्यापीठ निघालं. १८५८ ला सरकारनं जाहीर केलं, की पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर दार उघडलं. दारात जात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

१८८२ ला जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला सुनावलं, की तिजोरी भरते रयतेच्या घामानं आणि शिकतात वरचे वर्ग. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. सरकारनं ती ऐकली नाही. मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात आकडे मांडले : शिक्षणावर खर्च माणशी १४ आणे, अबकारीतून वसुली माणशी दोन रुपयांच्या वर. आपल्या वस्तीत शाळेआधी गुत्ता का पोचला, ते या हिशेबात बघा.

आणि मत? इंग्रजांच्या कायद्यात ते जमीनवाल्याला, करवाल्याला, शिकलेल्याला. १९२९ ला बाबासाहेबांनी मुंबई इलाख्याच्या कारभारावर स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यात प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे आणि साक्षर म्हणजे शहाणा नव्हे, असा त्यांचा मुद्दा. तो मला पुस्तकाआधी गोदीत कळला. आमच्या टोळीतला म्हातारा अंगठा लावतो, पण ठेकेदारानं हजेरी खाल्ली की पहिला आवाज त्याचा. सही करणारे खाली बघतात.

१९५१ च्या जनगणनेत शंभरात अठरा साक्षर होते. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर माणसं मतदार होती. पेटीवरची खूण बघून त्यांनी मत टाकलं. १९७७ ला आणीबाणीवाल्यांना घरी बसवलं तेही याच जनतेनं. गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश असणारे मात्र चांगले शिकलेले होते.

आता खरी मेख ऐका. घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी सरकारनं झटावं. म्हणजे १९६० पर्यंत. कायदा झाला २००९ ला, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पन्नास वर्षं उशीर! आणि २०१५ ला हरियाणा सरकारनं काय केलं? पंचायतीला उभं राहायचं तर शिक्षणाची अट. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, बायांना आणि दलितांना आठवी, दलित बाईला पंच व्हायला पाचवी. घरात संडासही पाहिजे. डिसेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टानं हा कायदा वैध ठरवला. आमदार-खासदाराला मात्र इयत्तेची अट नाही.

हिशेब करा. २०१५ ला चाळिशीची असलेली बाई १९७५ ची. तिच्या शाळेच्या वयात सरकारनं दिलेला शब्द मोडला. गुन्हा सरकारचा, दंड तिला! माझी आई शाळेत गेली नाही. तिथं मी सरपंचाला उभा राहू शकलो असतो, ती नाही. घर कोण चालवतं, ते मला ठाऊक आहे.

असाच कायदा राजस्थाननंही केला होता. तो २०१९ ला रद्द झाला. म्हणजे असले कायदे मागे घेता येतात.

मित्रांनो, शिकायचं तर आहेच. रात्रशाळा करू, पोरं शाळेत घालू. पण शिक्षण हा हक्क आहे, माणूसपणाचा दाखला नव्हे. शिक्षण मिळेल तेव्हा मत, असं नाही. हातात मत असलं तरच शाळा ओढून आणता येते. मत नसलेल्याचा अर्ज धारवाडच्या पोराच्या अर्जासारखा पडून राहतो.

म्हणून या महिन्यात दोन कामं. गल्लीगल्लीत फिरून शाळेबाहेरची पोरं मोजायची. आणि मतदार यादीत कुणाची नावं गळालीत ते तपासायचं, अंगठेवाल्यांची आधी.

जय भीम.